तनिषाची ‘ती’

विलासदादा ओव्हाळांच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आहे. लीड्समध्ये ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात, मलाही त्यांनीच शिकवलं. शेजारी बसून चुका काढणं हा त्यांचा धंदा आणि खरं सांगायचं तर स्वभावही. “शिल्पा, इंडिकेटर काय लग्नात लावायला ठेवलायस?” असं ते भर चौकात विचारायचे, आणि मी घरी येऊन नवऱ्यावर डाफरायचे.

घरीही तेच. त्यांची मुलगी तनिषा इथलीच, इथेच फिजिओथेरपिस्ट झाली. घरात मराठीच बोलायचं हा दादांचा कायदा. कुणी इंग्रजीत काही मागितलं की ते बहिरे होत. पोरगी बोलायला शिकली, पण व्याकरणाच्या नावाने शंख. तिच्या जगात सगळीच ‘ती’. पाऊस पडली, दात दुखली, टेबल हलली. “अगं, तो पाऊस,” दादा म्हणायचे. “पण हू डिसाइडेड, बाबा?” ती विचारायची, आणि दादा बहिरे व्हायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये तनिषा आईला घेऊन हिमाचलला गेली. बोधगया, सारनाथ झालं होतं. कल्याणीताईंना आता स्पितीच्या खोऱ्यातला ताबोचा जुना विहार बघायचा होता, मातीच्या भिंती आणि त्यांवरची हजार वर्षांपूर्वीची चित्रं. दादांनी साफ नकार दिला. “एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कधीही सुटणारा डोंगर, गाडी दुसऱ्याच्या हातात आणि माझ्या पायाखाली ब्रेक नाही. तुम्ही जा.” आम्ही त्यांना खूप चिडवलं. भित्रा म्हणालो. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांच्यासाठी अळूवड्या घेऊन गेले, कारण एकटा माणूस टोस्टवर दिवस काढत होता. दार उघडंच होतं. “जय भीम, दादा,” मी म्हणाले. उत्तर आलं नाही. विलासदादांनी जय भीमला उत्तर दिलं नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते सोफ्याच्या टोकावर बसले होते, हातात फोन, आणि उजवा पाय कार्पेटवर दाबून धरलेला.

“ऐक,” म्हणाले, आणि तनिषाचा व्हॉइस मेसेज लावला.

मागे प्रचंड आवाज होता, पाण्याचा की दगडांचा कळत नव्हतं. त्यातून तिचा आवाज, धापा टाकत: “बाबा, नाल्यात खूप पाणी आली वरून. चिखल, मोठी दगड. ड्रायव्हर म्हणाला उतरा, चालत जा. आई पुढे होती ब्रिजवर. मी मागे. आणि ती गेली, बाबा. माझ्यासमोर गेली. वाहून गेली. मी ओके आहे. आणि आई...”

तिथे मेसेज तुटला होता. त्यानंतर दोघींचेही फोन बंद.

डबा कुठे ठेवला तेही आठवत नाही. दादांनी मेसेज परत लावला. मग परत. मी म्हणाले, “दादा, नका ऐकू.” ते म्हणाले, “थांब. ‘पाणी आली’ म्हणते ती. ऐकलंस? ‘पाणी आलं’ पाहिजे. ‘मोठी दगड’ म्हणते. चूक आहे. दोन्ही चूक.”

मला वाटलं भीतीने यांचं डोकं फिरलं. मग उलगडलं ते काय करताहेत, आणि मला रडू आवरेना.

“ब्रिज तो असतो,” ते म्हणाले. “तो ब्रिज. पण ही त्याला तीच म्हणणार. म्हणजे वाहून गेली ती ब्रिज असेल. कल्याणी नसेल. असू शकतं ना, शिल्पा?”

“असू शकतं, दादा. असणारच.”

“तिला कधीच जमलं नाही ते. कधीच नाही.” जन्मभर ज्या चुकीसाठी पोरीचं डोकं खाल्लं, त्या चुकीलाच हा माणूस आता हात जोडत होता.

टूरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, “सर, नेटवर्क नाही, आम्ही ट्राय करतोय.” दादांच्या फोनवर हिंदी बातम्यांमध्ये कुठलातरी पूर दाखवत होते, तपकिरी पाणी आणि त्यात कलंडलेलं घर. तो आमचा नाला नव्हता, तरी ते डोळे फाडून बघत होते. मी फोन काढून घेतला आणि लगेच परत दिला, कारण तो त्यांच्या हातात नाही हे त्यांना सहन होईना. खिडकीबाहेर शेजारी शांतपणे गवत कापत होता. त्या मशीनच्या आवाजाचा मला भयंकर राग आला.

“त्रिसरण म्हणूया का?” मी विचारलं.

“नको. फोन वाजला तर ऐकू येणार नाही.”

मी चहा केला, तो तसाच गार झाला. मग अचानक दादा उठून उभे राहिले.

“शिल्पा, एअरपोर्टवर ती बरोबर बोलली.”

“काय?”

“मँचेस्टरला. मला सोडून जाताना. ती बॅग, तो पासपोर्ट, ते तिकीट. सगळं बरोबर. मुद्दाम पाठ करून आली होती, मला खूश करायला. मी टाळ्या वाजवल्या.” ते परत बसले. “तिला येतं आता. मी शिकवलंय तिला.”

तिने शिकलेलं विसरावं, अशी प्रार्थना मीही मनात करत होते. आईला ती ‘ती’च म्हणणार, त्यात चूक व्हायला जागाच नव्हती, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

थोड्या वेळाने त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि तनिषाला मेसेज रेकॉर्ड केला. “तनू, बाळा, इंग्लिशमध्ये सांग. मला सगळं समजतं इंग्लिश. कशातही सांग.” मेसेज गेला, पण एकच टिक आली. आम्ही दोघं त्या एका टिककडे बघत बसलो. तिकडे आता अंधार पडायला लागला असेल, हे दोघांच्याही मनात होतं. त्यांचा पाय अजून कार्पेटवर दाबलेलाच होता.

फोन वाजला तेव्हा नंबर अनोळखी होता. दादांच्या बोटांना बटण दाबता येईना. मीच दाबलं, स्पीकर लावला.

“बाबा? ड्रायव्हरचा फोन आहे. बाबा, ऐकता का?”

दादांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी म्हणाले, “तनू, शिल्पा मावशी बोलतेय. बाबा इथेच आहेत. आई कुठाय?”

“आई पलीकडे आहे. त्या साइडला. ती ब्रिजच्या एंडला पोचली होती. मला दिसली, शाल हलवत होती. मग तिकडच्या गावातली लोक तिला घरी घेऊन गेली. मी इकडे अडकले. उद्या आर्मीवाले आणतील तिला. मला काही नाही, गुडघा लागलाय फक्त.” मग तिचा आवाज फुटला. “बाबा, मी खूप घाबरले. माझ्यासमोर गेली ब्रिज. पूर्ण गेली.”

दादांचा पाय सैल झाला. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते, आणि मीही. पलीकडून तिचं हुंदके देणं ऐकू येत होतं. मग ती थांबली, नाक ओढलं, आणि सवयीने म्हणाली, “सॉरी बाबा. ‘गेला’ ना? ब्रिज गेला?”

“नाही गं,” दादा म्हणाले. “गेली. ब्रिज गेली.”