दाभोळकरांची सून आणि मिस खानोलकर

"दोघींपैकी कोण आलीय?" बडोबाबूंनी विचारलं.

हे इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसातले हेडक्लार्क. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी खिडकीच्या गजांतून वृंदाच्या मागे नजर टाकली, आणखी एखादी मुलगी उभी आहे का म्हणून. मुलगी कुठली असायला! १९५० साली त्या रांगेत सगळी पोरं आणि पोरांचे बाप.

"दोघी कुठल्या? मी एकटीच आहे," वृंदा बंगालीत म्हणाली.

"प्रवेशपरीक्षा दिली वृंदा दाभोळकरनं. आयएस्सीचं सर्टिफिकेट आहे सुनीती खानोलकरचं, मॅट्रिकचंही तिचंच. मग तुम्ही कोण?"

"दोन्ही मीच. लग्नात नाव बदललं."

"आडनाव बदललं, ते समजलं. घोषांची मुलगी बोसांकडे गेली की बोस होते. पण पुढचं नाव? ते कुठे गेलं?"

"आमच्यात तेही बदलतात."

बडोबाबू शेजारच्या कारकुनाकडे वळले. "ऐकलंस? यांच्यात सासरी जाताना मुलगी स्वतःचं नावसुद्धा माहेरी ठेवून जाते."

कारकून हसला, रांगेतले दोन बापही हसले. बडोबाबू मात्र हसले नाहीत. आदल्या वर्षी एकानं हुशार मामेभावाला परीक्षेला बसवून स्वतः प्रवेश घेतला होता, तेव्हापासून प्रिन्सिपॉलसाहेब अशा बाबतीत फार कडक झाले होते. बडोबाबूंनी कागद परत सरकवले. सासरच्या नाहीतर माहेरच्या वडीलधाऱ्या माणसानं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचं की दोघी एकच आहेत. तेही शनिवारी दुपारच्या आत, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. आणि कॉलेजच्या दप्तरी नाव लागेल ते सर्टिफिकेटावरचं. डिग्रीवरही तेच.

"वृंदा नाव नाही का लावता येणार?"

"युनिव्हर्सिटीला अर्ज करा. वर्षभरात उत्तर येईल," बडोबाबू म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

आता या सगळ्यात चूक कोणाची? म्हटलं तर कोणाचीच नाही. नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहायचं आणि सगळ्यांना पेढे वाटायचे, हे मराठी घरात इतकं अंगवळणी पडलेलं की त्याचा पुढे कुठे कागदोपत्री घोळ होईल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. वृंदाच्या सासूबाईंच्या, कालिंदीबाईंच्याही आलं नाही. प्रवेशाचा अर्ज त्यांनीच स्वतःच्या हातानं भरला होता, आणि नावाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, वृंदा जयंत दाभोळकर. दुसरं काय लिहिणार? त्यांची सून होती ती.

कालिंदीबाई जन्मल्या कलकत्त्यात, विधवा झाल्या कलकत्त्यात, आणि बागबाजारातल्या दुमजली घराच्या खालच्या मजल्याच्या भाड्यावर त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला. जयंत तागाच्या गिरणीत यंत्रांकडे होता. आदल्या पावसाळ्यात विषमज्वरानं तो गेला, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. दिवसवार उरकल्यावर कालिंदीबाई सुनेला म्हणाल्या, "मी जन्मभर भाडेकरूच्या जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसले. तू नाही बसायचंस. जयू गिरणीतली ड्रॉइंगं घरी आणायचा, ती निम्मी तूच करायचीस. मला काय कळत नव्हतं? जा, शीक तेच."

वृंदा शिकली. वर्षभर त्याच एका खिडकीत बसून गणितं सोडवली. रडायला दुसरी जागा नव्हती आणि गणितं करताना रडता येत नाही, एवढाच त्या अभ्यासाचा फायदा तिला सुरुवातीला वाटत होता. परीक्षेच्या यादीत नाव लागलं तेव्हा वर्षात पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली.

आणि आता हे.

ऑफिसातून ती सरळ तारघरात गेली. वडील जबलपूरला, सरकारी नोकरीत. त्यांनी तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून शपथपत्र करून धाडलं तर काम होणार होतं. तिनं अर्जंट तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शिक्षण पुरे, प्रमोद रविवारी न्यायला येतो आहे.

प्रमोद म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याच्या बायकोचं तिसरं बाळंतपण तोंडावर आलं होतं. वृंदानं तार वाचली आणि तिला पुढची चाळीस वर्षं लख्ख दिसली. पाळणे, पेज, वहिनीच्या मुलांचे लंगोट, आणि सणासुदीला मागच्या खोलीत बसायचं. कोणी वाईट वागणार नव्हतं. तेच तर भयंकर होतं, तक्रारीलासुद्धा जागा नव्हती.

राहिल्या फक्त कालिंदीबाई.

"एवढंच ना?" त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "वृंदा म्हणजेच सुनीती, हे सांगायला मला काय झालंय? माझ्या डोळ्यांदेखत नाव ठेवलंय. उद्या जाऊ कोर्टात."

वृंदाला गप्प बसता आलं असतं. कितीतरी जणी बसल्या असत्या. पण तिला ते जमलं नाही. "सासूबाई, कॉलेजात मग सुनीती खानोलकरच लागणार."

"बरं, हजेरीपुरतं."

"डिग्रीवरही."

कालिंदीबाईंचा हात थांबला. "आणि नोकरी लागली तर तिथे?"

"डिग्रीवर असेल तेच."

"म्हणजे जयू कुठेच नाही."

"सासूबाई—"

"थांब. मला नीट कळू दे. मी कुठलंसं देवीचं नाव सुचवलं होतं, तर म्हणाला, आई, नाव मीच ठेवणार. आठ दिवस घोकत होता. मूल नाही झालं तुम्हाला. गिरणीनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. त्यानं स्वतः म्हणून या जगात केलेलं तेवढं एक नाव शिल्लक आहे. आणि मी कोर्टात उभं राहून, देवाची शपथ घेऊन ते पुसू?"

"मग मी काय करू? सांगा ना तुम्हीच!" वृंदाचा आवाज चढला. या घरात पहिल्यांदाच चढला. "जबलपूरला जाऊ? तिथे मला काय हाक मारतील माहीत आहे? सुनीती! सुनू! तिथे वृंदा कोणाला ठाऊकसुद्धा नाही. इथे राहिले तरी ते नाव जाणार, तिथे गेले तरी जाणार. निदान इथे मी तरी राहीन!"

"ओरडू नकोस. खाली ऐकू जातं."

"ऐकू दे!"

कालिंदीबाई उठल्या आणि भाजीची परात तशीच टाकून आत गेल्या. त्या जेवल्या नाहीत. वृंदानं पेटी काढली, दोन लुगडी भरली, परत काढली, परत भरली. जयंतची मोजपट्टी हातात घेऊन ती बसून राहिली. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण तिला आला. सुनीतीत असं काय वाईट होतं? "शाळेतल्या बाईंसारखं वाटतं," म्हणाला होता, आणि ती हसली होती. हसली नसती तर!

शनिवारी सकाळी कालिंदीबाई नेसून तयार होत्या. "चल," एवढंच म्हणाल्या.

मॅजिस्ट्रेट तरुण होता, घाईत होता. "ही मुलगी कोण?"

"माझी सून, वृंदा."

"सुनीती खानोलकर हीच का?"

कालिंदीबाईंनी पदर सारखा केला. वृंदानं टेबलाची कड घट्ट धरली. घड्याळात अकरा होत आले होते आणि कॉलेजला पोचायला अजून गंगा ओलांडायची होती.

"आजी, हीच का?"

"हीच," कालिंदीबाई म्हणाल्या. "वृंदा होती ती माझ्या मुलाची बायको. मुलगा गेला. आता ही सुनीती खानोलकर."

"एवढं लागत नाही. दोघी एकच, एवढं पुरे."

"एकच," त्या म्हणाल्या आणि सही केली.

कॉलेजात त्या खिडकीपर्यंत आल्या. बडोबाबूंनी शपथपत्र उलटसुलट पाहिलं, त्यांचं समाधान झालं. दप्तर उघडून टाक शाईत बुडवला. "मिस लिहू की मिसेस?"

वृंदा बोलायच्या आत कालिंदीबाई म्हणाल्या, "सर्टिफिकेटावर काय आहे?"

"मिस."

"मग मिस लिहा."

"आपण यांच्या कोण?" बडोबाबूंनी जरा अदबीनं विचारलं.

"कोणी नाही. बागबाजारात माझं घर आहे. या तिथे राहतात."

बंगालीत बोलल्या होत्या, तेव्हा तो आदरार्थी 'या' चारचौघांतल्या रीतीचा असेल असं वृंदाला वाटलं. हावड्याच्या बसमध्ये चढल्यावर त्या मराठीत म्हणाल्या, "मिस खानोलकर, तुमचं तिकीट मी काढू का?"

वृंदा त्यांच्याकडे पाहतच राहिली. टोमणा असता तर बरं झालं असतं. चेहऱ्यावर टोमण्याची खूणसुद्धा नव्हती. वाणसामान मोजून देताना असतो तसा चेहरा.

"सासूबाई, असं काय करता?"

"खरं तेच करतेय. शपथ घेतलीय मी. कोर्टात एक आणि घरात एक, असलं मला जमत नाही."

रविवारी प्रमोद आला. कालिंदीबाईंनी त्याला चहा दिला, पोहे दिले. तो म्हणाला, "वृंदाची... म्हणजे आमच्या सुनीतीची तयारी झाली का? संध्याकाळच्या मेलची तिकिटं आहेत."

"वृंदा इथे नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "सुनीती आहेत. त्यांचं उद्यापासून कॉलेज आहे, त्यांना येता येणार नाही. वडिलांना नमस्कार सांगा."

"अहो, पण वडिलांनी—"

"त्या आमच्या कोणी असत्या तर तुमच्या वडिलांचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. आता माझा काय संबंध? माझ्याकडे राहणारं माणूस कॉलेजात जातंय, एवढंच मला ठाऊक. आणखी पोहे देऊ?"

प्रमोदनं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, येत नाही म्हणून. तो एकटाच स्टेशनावर गेला, आणि पुढे वर्षभर जबलपूरचं पत्र आलं नाही.

सोमवारी पहिल्याच तासाला हजेरी झाली. सरांनी वाचलं, "मिस एस. खानोलकर." वर्गात एवढी एकच मुलगी, सगळी पोरं वळून तिच्याकडे पाहताहेत, आणि ही मात्र ती खानोलकर कोण, कुठे बसलीय म्हणून वाट पाहतेय! सरांनी पुन्हा वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बहुतेक स्वतःचीच ओळख नाही." हशा पिकला. "प्रेझेंट, सर," तिनं सांगितलं तेव्हा सर पुढच्या नावावर पोचले होते.

दुपारी वर्कशॉप. शिकंज्यात लोखंडाचा तुकडा पकडून कानशीनं त्याच्या कडा घासून सरळ काढायच्या, काटकोन साधेपर्यंत. कानस धरायची कशी हेसुद्धा कोणी धड दाखवलं नाही. बाईमाणूस थकून स्वतःच जाईल, असा एकूण नूर. ती थकली. तळहात सोलवटून निघाले. काटकोन काही साधला नाही. तरी घंटा होईपर्यंत तिनं कानस खाली ठेवली नाही, कारण हे सोडून जायचं तर कुठे जायचं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

घरी आली तेव्हा तिला दाराची कडीसुद्धा नीट धरता येईना. कालिंदीबाईंनी दार उघडलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आत गेल्या आणि वाटीत खोबरेल तेल कोमट करून घेऊन आल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "हात करा इकडे."

"तुम्ही म्हणू नका हो मला," ती कळवळून म्हणाली. "काहीही म्हणा. नाव घेऊ नका, नुसतं अगं म्हणा."

कालिंदीबाईंनी तिची मूठ उलगडली. बोट तेलात बुडवून फोडांच्या कडेकडेनं, कुठे दुखणार नाही अशा बेतानं त्या लावत राहिल्या. दुसऱ्या हाताची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "उद्या जाताना जुनं धडोतं घेऊन जा, हाताला गुंडाळायला. विसराल तुम्ही. मी डब्याबरोबर बांधून ठेवते."