काकवीवर गुन्हा दाखल करा!

अन्याय झाला तो मारुतीकाका गवंड्यांवर. या मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका जुन्या तालमीच्या भिंतीपाशी. अन्याय करणारी मी. निषेध असो.

सोमवारी पुण्याहून एसटीत बसले तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता : 'वारशाची विटंबना थांबवा!' विटंबना अजून सापडायची होती, पण पत्रकं छापून झाली होती.

मंगळवारी सकाळी अंबाबाईच्या देवळापासून पायी निघाले. खाली काळा कोरीव दगड, त्यावर कितीतरी नंतर चढलेली शिखरं. एकाच देवळात शतकांचे थर! पुढे रस्त्यावर खाली चपलांची झगमगीत दुकानं, आणि पाट्यांच्या वर मान केली की जुने लाकडी सज्जे. मी मान वर करून चालत गंगावेशीपर्यंत आले आणि दूध कट्ट्यावर (इथे म्हशी समोरच पिळून दूध विकतात) एका म्हशीला धडकले.

"ताई, म्हस बी जुनीच हाय," मालक म्हणाला, "तिचा बी फोटो काढा की."

मग मिसळ. "कट (वरचा तिखट रस्सा) जादा घाला," असं ठणकावलं, कारण मी कुणाला घाबरत नाही. तालमीची भिंत मी पाहिली ती डोळ्यांतून पाणी वाहत असताना. बचाव म्हणून एवढंच नोंदवते.

दगडी भिंतीचा अर्धा गिलावा खरवडलेला. बांबूंच्या पायाडाखाली साठीचे एक गृहस्थ घमेल्यात काळपट, चिकट काहीतरी ओतत होते. विटंबना सापडली! मी फोन रोखला.

"काका, हे कुणाचं काम?"

"कुणाचं म्हंजे? समदं काम काकवीचं."

"बघा!" मी फोनकडे वळून गरजले. "पुरातन भिंतीवर रसायन ओतणाऱ्या या काकवी कंत्राटदारावर गुन्हा दाखल करा!" आणि व्हिडिओ वारसाप्रेमींच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवून दिला. तालमीची पाटी त्यात फोन नंबरासकट आली होती.

मारुतीकाका हसता हसता वाळूच्या ढिगावर बसले. मग डब्यातली काकवी माझ्या तळहातावर ओतली. "घ्या, कंत्राटदार चाखून बघा."

गोड. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा उसाचा पाक. आमच्या घरी ती कधी आली नाही. हा बचाव नव्हे, कबुली आहे.

"चुन्यात ही घातली की चुना दगड सोडत न्हाय," काका म्हणाले. "जुन्या गिलाव्यात बी हेच हुतं. सिमेंट मारलं तर पावसाची वल आत कोंडती आन् दगडाचं पापुद्रं सुटत्यात. तालमीची पोरं सिमेंटच म्हणत हुती. तीन म्हैनं समजूत घातली, तवा कुठं व्हय म्हणाली."

तेवढ्यात आतून तालमीचे वस्ताद (पैलवानांचे गुरू) आले. हातातला फोन वाजतच होता.

"गवंडी, ह्यो काकवी कोण? लोकं शिव्या घालाय लागल्यात! ऱ्हाऊ दे त्यो चुना. सिमेंट मारून मोकळं व्हा."

मी हात जोडले, चूक सांगितली, व्हिडिओ पुसला. पण तो माझ्या हातून कधीच सुटला होता. वस्ताद एवढंच म्हणाले, "रविवारी बैठक हाय. तवर फोन थांबलं तर बघू."

काकांची माफी मागितली. ते चुना वाळू नये म्हणून घमेल्यावर ओलं पोतं टाकत होते. "माफी काय चुन्यात घालू? फोन तेवढं थांबवा, ताई."

परतीच्या एसटीत पत्रकं मांडीवर होती. वारसा वाचवायला गेलेली बाई एका भिंतीला सिमेंट लावून परत चालली होती. मी पत्रकं उलटी केली आणि कोऱ्या बाजूला हे लिहिलं.

आता तुम्ही. व्हिडिओ बघून तालमीला फोन केला असेल, तर रविवारच्या आत त्याच नंबरावर एकदाच पुन्हा लावा आणि सांगा : "ती बाई चुकली. भिंतीला चुनाच लावा." शिव्या उरल्या असतील तर मला द्या.