कुंकवाचा पुरावा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते.

मी तेव्हा कारंजा गावाच्या बाजूला, महामार्गावरच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी आटोपते तोच एक माणूस तक्रारअर्ज घेऊन आला. त्याची भावजय विधवा होती आणि तिला निराधार पेन्शन मिळत असे. विधवेने पुन्हा लग्न केलं की ही पेन्शन बंद होते. तिने गुपचूप पाट लावला, असं या दिराचं म्हणणं होतं.

"तो पंक्चरवाला रोज सांजच्याले तिच्या घरी जेवते, साहेब. सरकारले येडं बनवून राह्यली ते."

अर्जाची नोंद केली आणि बाईला बोलावलं. चाळिशी ओलांडलेली, कापूस वेचायला जाणारी बाई. अजिबात घाबरली नाही.

"जेवू घालते, तर का झालं? तो किराणा आणते, मी रांधते. एकट्या जिवाले चूल पेटवाचा कंटाळा येते, साहेब."

पंक्चरवाल्यानेही तेच सांगितलं. शेजारी काही बोलेनात. तपास अडला, तेव्हा मला एक युक्ती सुचली. आजही आमच्या भागात विधवेच्या कपाळाकडे कुंकवाचं बोट गेलं, की ती आपणहून मागे सरते. माणूस जिभेने खोटं बोलतो, अंगाची सवय खोटं बोलत नाही, हे मी चोरांकडून शिकलो होतो. हळदीकुंकवाचे दिवस होतेच. एका महिला शिपायाला साध्या साडीत, तिळगूळ आणि करंडा देऊन त्या वस्तीत पाठवलं.

ती परतली आणि म्हणाली, "सर, मागे सरली नाही. कपाळ पुढे केलं."

मला वाटलं, गुन्हा उघडकीस आला. बाईला पुन्हा बोलावलं.

"नवरा नाही म्हणतेस, मग कुंकू काऊन लावू दिलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या महिला शिपायाला गणवेशात ओळखून ती म्हणाली, "तुले यायनं पाठोलं होतं का वं माय?"

शिपायाने होकारार्थी मान हलवली.

"मालक गेल्यापासून कोणी बोट पुढं केलं नाई. हे आली, हासून तिळगूळ देल्ला. म्या म्हटलं, जगात असन एखादी चांगली बाई."

तिने खोटं सांगितलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मी अहवालात तसं लिहिलं नाही. रोजचं जेवण लिहिलं, कुंकू लावून घेतल्याचं लिहिलं, तिचा जबाब जोडला आणि निर्णय तहसीलवर सोडला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. पेन्शन बंद झाली. दीर ठाण्यात पेढे घेऊन आला.

मग मी तिच्या घरी गेलो. तहसीलमध्ये अपील कर, मी तुझ्या बाजूने लिहून देतो, असं सांगायचं होतं. ती दारातच उभी राहिली.

"आत या म्हटलं असतं, साहेब. पण पुन्हा कोणी अर्ज देईन."

पंक्चरवाला आता धाब्यावर जेवत होता. तिनेच त्याला येऊ नको म्हटलं होतं. अपील झालं, बऱ्याच महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. तो मात्र परत जेवायला आला नाही.

माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. शेजारच्या वहिनी संध्याकाळी डबा पाठवतात, कधी स्वतः येऊन चहा करून देतात. माझीही पेन्शन आहे, त्या बाईच्या पेन्शनपेक्षा कितीतरी मोठी. वर्षातून एकदा बँकेत जायचं आणि आपण जिवंत आहोत एवढंच दाखवायचं. घरी कोण येतं, कोणाच्या हातचं जेवता, हे मला आजवर कोणीही विचारलेलं नाही.