नावेतल्या जेवणाला हाफपँट

परशू माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. अण्णाबद्दल सांगायचं म्हणजे आधी त्याच्या पायांबद्दलच सांगावं लागतंय. गुडघ्याखालचे ते दोन काळे, खरबरीत, काट्यांनी ओरबाडलेले पाय अख्ख्या जोयडा तालुक्यानं बघितल्यात. दुसऱ्याच्या लग्नात हाफपँट, तेराव्याला हाफपँट, तहसीलदाराच्या कचेरीत हाफपँट. एकदा मतदानाला गेला तर तिथला मास्तर म्हणला, "अहो परशू, आज तरी बरी कापडं घालून यायचं." अण्णा म्हणतोय, "मत गुडघ्यानं द्यायचं हाय व्हय?" असला माणूस! ह्याच्याबरोबर वाढले मी, म्हणून माझं डोकं असं तापट झालंय.

गाव आमचं दिग्गी. मी लग्न होऊन रामनगरला आले. आमच्या ह्यांचं, बाबुरावांचं, बाजारात शिलाईचं दुकान हाय. पाटी त्यांच्या नावाची, मशिनीवर मी. अण्णा वनखात्यात वाचमन, कुळगीला रान बघायला येणाऱ्या पोरांचा कँप हाय, तिथं. अठ्ठ्याऐंशी साली खात्यानं सगळ्यांना नव्या खाकी फुल पँटी वाटल्या, तर हा दोन्ही पँटी बगलेत मारून माझ्या दारात.

"गिरजे, ह्या गुडघ्यावर काप."

"अरे, सरकारी पँट हाय ती!"

"मग सरकारी कात्री घे."

कापल्या बाई. काय करणार! उरलेल्या तुकड्यांच्या दोन पिशव्या शिवल्या, त्या अजून भाजीला जातात.

आता हट्ट म्हणावा तर हट्ट हाय, पण उगाचचा न्हवं. आमच्या रानात पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत जळवा. पानापानावर, वाटेवर, गवतात. पाय उघडा असला की जळू चढताना दिसती, चुन्याचं बोट लावलं की सुटून पडती. पँट घातली की ती आत कुठवर पोचली ते कळत न्हाई. कळतंय ते कापड रक्तानं भिजल्यावर. म्हणून दिग्गीत माणूस दारात आला की पाणी नंतर, आधी पाय बघायचे. पाहुणा असला तर घरच्या माणसानं वाकून त्याचे पाय बघायचे. त्यात पाहुण्याचा मान हाय. आणि झाकलेल्या पायानं पानावर बसायचं न्हाई. एकदा कुणा पाहुण्याच्या पँटीतनं रक्त पिऊन टम्म झालेली जळू थेट भाताशेजारी पडली, तवापासनं पुतळी वहिनीनं हा कायदाच करून टाकला. म्हणजे बघा, जगात जेवायला बसताना हाफपँट चालत न्हाई, आमच्या अण्णाच्या घरात फुल पँट चालत न्हाई.

कँपात शहरातली पोरं येत, कडक इस्त्रीच्या पँटी घालून. अण्णा त्यांना पहिल्या दिवशी काही सांगायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आपापल्या चड्ड्या शोधत असायची.

वहिनी लवकर गेली. त्यांची पोर फुला तेव्हा सात वर्षांची. मी पोरीला रामनगरला आणली, शाळेत घातली, वेण्या घातल्या, धपाटेही घातले. अण्णा सुट्टी मिळाली की यायचा, तिच्यापुढं उकिडवा बसून रानातल्या गोष्टी सांगायचा. अस्वल कसं चालतंय ते चालून दाखवायचा. दुकानातली गिऱ्हाइकं माप द्यायची विसरायची! पुढं फुलाला वास्कोचं स्थळ आलं. सासरा तुकारामराव बंदरात हेडक्लार्क, बोलायला गोड. सासू रुक्मिणीबाई मात्र अशी की तिच्यापुढं पदर सुद्धा सांभाळून घ्यावा. लग्नात अण्णाला आम्ही धोतर नेसवलं. ते पण पंगतीच्या वेळेला गुडघ्याच्या वर खोचून मोकळा झाला. रुक्मिणीबाईनं बघितलं आणि काही बोलली न्हाई. न बोलणाऱ्या बाईची भीती जास्त.

एक्क्याण्णव सालच्या दसऱ्याला फुलाचं पत्र आलं. अण्णा सणाला माझ्याकडंच आला हुता. पोरीला सातवा महिना लागला हुता आणि सासूनं नावेतलं डोहाळजेवण काढलं हुतं. आपल्याकडं पाटाला पुठ्ठा लावून नाव करतात आणि त्यात बाईला बसवतात. ही नाव खरी! पणजीला मांडवीत फिरणारी बोट, वर टेबलखुर्च्या, दोन्हीकडची माणसं, बायका-पुरुष सगळे जेवायला. पत्राच्या शेवटी लिहिलं हुतं, "बाबा, तिथं जेवायला हाफपँट चालत नाही, तशी पाटीच आहे. येताना फुल पँट घालून या, नाहीतर..." आणि पुढं टिंबं.

अण्णानं पत्र दोनदा वाचलं, घडी केली, टोपीत ठेवली.

"तू जा, गिरजे. ओटी तूच भरणार. माझं काय काम तिथं?"

माझं टाळकंच फिरलं. "काय काम? पोरीला आई न्हाई. बाप पण आला न्हाई तर भरल्या नावेत ती माहेराशिवाय बसणार! सासरची माणसं जन्मभर ऐकवतील. का, तर बापाला गुडघे झाकायचे न्हाईत! अरे, मांडवीत जळवा हायत व्हय?"

"जळवांचं न्हाई गं."

"मग कशाचं?"

त्यानं टोपीतनं पत्र काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणला, "पाटी बोटवाल्याची हाय, ते कळतंय मला. ती टिंबं कुणाची?"

उत्तर नसलं की मला जास्तच राग येतोय. मी भांडी आपटली, बाबुरावांवर विनाकारण ओरडले, अण्णाशी बोलणंच टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी मी मशिनीवर बसले हुते, तर हा येऊन पुढ्यात उभा राहिला. हात बाजूला पसरून, डोळे मिटून, सुई टोचून घ्यायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

"घे माप."

दिवाळीचं सगळं काम बाजूला सारून मी राखाडी टेरीकॉटची पँट शिवली. अशी शिवली की तहसीलदारानं मागून न्यावी. आणि ह्या माणसानं काय करावं? पँटीची घडी मोडंल म्हणून रामनगर ते पणजी एसटीत उभ्यानं आला! अनमोडच्या घाटात लोक वळणावळणाला एकमेकांच्या अंगावर पडतायत, हा दांडी धरून खांबासारखा ताठ. कंडक्टर म्हणला, "मामा, मागं जागा हाय की." हा म्हणतोय, "माझ्या बहिणीनं शिवलीय." कंडक्टरला काय कळणार!

धक्क्यावर पोचलो तर तुकारामराव सफारी घालून घ्यायला आले. नुकतीच सर येऊन गेली हुती आणि ते बागेतल्या ओल्या गवतातनं चालत आलते. अण्णानं ते गवत बघितलं मात्र! पुढं झाला, वाकला आणि व्याह्याच्या पँटीला हात घातला. झाकल्या पायाचा पाहुणा ओल्या गवतातनं आलाय म्हटल्यावर दिग्गीचा माणूस दुसरं काय करणार?

"अहो, अहो परशूराव!" तुकारामराव कावरेबावरे झाले. "मुलीचे वडील तुम्ही, पाया कसले पडताय!" आणि दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी त्याला उठवला, मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मागं त्यांचे दोन भाऊ उभे हुते. हा मोठा रीतीचा माणूस हाय, आपलाही नंबर लागणार, म्हणून ते सरळ उभे राहिले. अण्णानं एकेकाचे पाय नीट बघितले. जळू नव्हती. मी तोंडात पदर कोंबला हुता, नायतर तिथंच फुटले असते.

बोटीवर फुला बसली हुती, हिरवी साडी, फुलांचे दागिने, चेहरा कसा भरून आलेला. आम्ही जिना चढून आलो तशी तिनं आधी बापाच्या पायाकडं बघितलं. मी मनात म्हटलं, घे बाई, बघ डोळे भरून, तीन दिवस खपलेय मी. ती हसली खरी, पण ते हसू काही टिकलं न्हाई.

टिकणार कसं? अण्णाकडं बघवत नव्हतं. खुर्चीवर बसला, पाय पुढं लाकडासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर. घाम. शेर-शेर भात खाणारा माणूस एक पुरी चिवडत बसला. तुकारामराव मोठ्या कौतुकानं म्हणले, "परशूराव, रानातलं काही सांगा की आमच्या मंडळींना!" तर हा म्हणला, "काय न्हाई. झाडं हायत." झाडं हायत! अस्वल चालून दाखवणारा हा माणूस! मला तर वाटलं, मी पँट न्हाई शिवली, माझ्या भावाला पोत्यात घालून तोंड शिवलं. माझाच मला राग आला.

मी ओटी भरली. बायकांनी गाणी म्हटली. पेढा की बर्फी झालं, पेढा निघाला, सगळे ओरडले. मग रुक्मिणीबाई उठली. नावेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फुला, आता डोहाळा सांग. चिंच, आइस्क्रीम, जिलेबी, काय हवं ते माग."

फुला हळूच म्हणाली, "मागितल्यावर नाही म्हणायचं नाही."

"डोहाळ्याला कोण नाही म्हणतं गं?"

"मग मला माझ्या बाबांना हाफपँटमध्ये जेवताना बघायचंय."

आई गं! गाणी थांबली. कुणीतरी हातातला चमचा खाली ठेवला, तो आवाज अजून माझ्या कानात हाय. मला वाटलं, आता ही सासू हिला माहेरी धाडती. रुक्मिणीबाईनं सुनेकडं बघितलं. मग अण्णाकडं बघितलं, पायापासनं डोक्यापर्यंत. सावकाश.

"एवढ्यात हाफपँट आणायची कुठून?" ती म्हणाली. बाई चिडली न्हवती. तिला खरंच काळजी पडली हुती!

अण्णा उभा राहिला. "आत हाय की," म्हणला.

आत घातली हुती त्यानं! माझ्या टेरीकॉटच्या आत, खाकी, गुडघ्यावर कापलेली. जिन्याच्या आडोशाला गेला, एका मिनटात बाहेर आला आणि पँटीची घडी माझ्या हातात दिली. "बघ, इस्त्री मोडली न्हाई." मेला! मी शिवी दिली, पण हसत दिली.

तेवढ्यात टाय लावलेला बोटीचा मॅनेजर धावत आला. "मॅडम, माफ करा, जेवणाच्या जागी हाफपँट... पाटी आहे."

"पाटी मी वाचली आहे," रुक्मिणीबाई म्हणाली. "सातव्या महिन्यातली बाई मागतेय. तिला नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. ती तिथं बसली आहे. मी म्हणणार नाही."

मॅनेजरनं फुलाकडं बघितलं, तिच्या पोटाकडं बघितलं. मग गेला आणि जाता जाता ती पाटी उलटी करून ठेवली. त्यालाही आई असंल की.

आणि मग जेवला माझा भाऊ! खुर्चीवर एक पाय वर घेऊन, बोटांनी भात कालवून. मधे उठून अस्वल चालून दाखवलं. तुकारामरावांच्या भावांनी जळवांचं विचारलं तेव्हा त्यांना कळलं की आपल्या पाया कुणी पडलं नव्हतं. तुकारामराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. रुक्मिणीबाई स्वतः वाढायला उभी हुती. मी रडत हुते, सांगते की, भर नावेत रडत हुते, लाज कसली?

दिवे लागले. बोट माघारी वळली, माणसं कठड्याकडं गेली. फुला उठून बापाच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, ते पत्र..."

अण्णानं वर बघितलं न्हाई. भात कालवता कालवता म्हणला, "लाज वाटली व्हय गं तुला माझी?"

मी म्हटलं, "अण्णा, आजच्या दिवशी नको रे." पण पोरगी माझ्या हातची हाय. खोटं बोलली न्हाई.

"वाटली, बाबा," ती म्हणाली. "लग्नात पण वाटली होती." तिनं त्याच्या उघड्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण आज तुम्ही पँट घालून जिना चढून आलात ना, तेव्हा मला माझीच लाज वाटली."

अण्णानं तिच्याकडं बघितलं. डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, फुलांच्या वेणीवर, जपून.

"मग बरं झालं घातली ती," म्हणला, आणि वाढप्याला हाक मारून आणखी भात मागितला.