कोपरभर समुद्र

समुद्र आटतो, असं कोकणातल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. वडवणीत माझ्या पुढच्या खोलीत मात्र तो रोज आटतो. मोठ्या दिवाणाएवढी लांबरुंद काचेची टाकी आहे, पाणी कोपरापर्यंत, वर झाकण नाही. बाजूनं बघायची ही टाकी नव्हे, वाकून वरून बघायची. त्यातलं आटतं ते नुसतं पाणी. मीठ मागं राहतं. म्हणून जेवढं आटेल तेवढं गोडं पाणी घालत राहावं लागतं, तेही फिल्टरमधून काढलेलं. नाही घातलं तर राहिलेलं पाणी खारट होत जातं आणि प्रवाळ अंग चोरून बसतात. उन्हाळ्यात ही टाकी दिवसाला बादली-दीड बादली पाणी पिते. हे आधीच सांगतो, कारण आमच्या घरात पुढं जे झालं ते याच पाण्याभोवती झालं.

मी फ्रिज आणि कूलर दुरुस्त करणारा माणूस. पुण्याला शोभेचे मासे विकणाऱ्या एकाच्या दुकानात पाणी गार ठेवायचं यंत्र बसवायला गेलो होतो, तिथं पहिल्यांदा प्रवाळ पाहिले. मान खाली घालून काम करायचं सोडून मी तासभर त्या टाकीवर वाकून उभा राहिलो. मालकाला वाटलं गॅस गळतोय की काय. मला वाटलं, पाणी गार ठेवणं एवढंच लागत असेल तर ते मला येतं. इतकं सोपं नव्हतं ते. पहिली टाकी महिनाभरात सडली, वास गल्लीभर गेला. दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. कडक जातीच्या प्रवाळांना कायद्याची बंदी आहे, त्यामुळं माझे सगळे मऊ जातीचे. एक जात अगदी हिरवळीसारखी पसरते. एक बटणांसारखी, मधे नारंगी टिकली असलेली. एक आहे ती सगळ्यात वेडी: देठावर लहान लहान पंजे असतात आणि ते दिवसभर मुठी मिटत-उघडत बसतात, कशासाठी ते कुणालाच नीट माहीत नाही.

ते वाढले. सांगताना लाज वाटते इतके वाढले. पुण्या-मुंबईचे शौकीन माझ्याकडून तुकडे नेत, आणि बीड जिल्ह्यातून आले म्हटलं की फोनवर गप्प होत. मला त्या गप्प होण्याचा नाद लागला होता.

बायकोनं टाकीचं नाव सवत ठेवलं. खोलीत एसी बसला तो टाकीसाठी, इन्व्हर्टर आला तो टाकीसाठी, पुण्याहून समुद्री मिठाचं पोतं आलं तेही टाकीसाठीच. "माझ्या मंगळसूत्रात बी दोन पोवळी हायेत," ती म्हणायची. "गप बसतात बिचारी. पाणी मागत न्हाईत." शेजारी फळांचा गाडा लावणारे चाचा राहतात. ते एकदा टाकीवर वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, आपल्या गावात टँकर यायला मागंपुढं बघतोय, अन् तुमी समिंदर कावून बोलावला?" बायको आतून म्हणाली, "टँकरवाल्यापेक्षा त्यो लवकर ऐकतोय म्हणून."

मग तिच्या पायांवर सूज आली. आम्ही ती उभं राहून राहून आली असं धरलं. चपला होईनात तेव्हा बीडला गेलो, आणि तिथं कळलं की बीपीनं दोन्ही किडन्या आधीच खाल्ल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी ती पिळून काढलेल्या कपड्यासारखी होऊन परत यायची आणि आडवी व्हायची. घरात गार खोली एकच, म्हणून तिची खाट मी टाकीला लागून टाकली.

"सवतीच्या खोलीत जागा दिली म्हणा की," ती म्हणाली. ती हसली म्हणून मीही हसलो.

सुया टोचता याव्यात म्हणून तिच्या डाव्या मनगटावर शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन झालं. शीर फुगायला हवी, तर रबरी चेंडू दाबत राहायचा असं सांगितलं होतं. ती कंटाळायची. मग एक दिवस पाहिलं तर ती खाटेवर पडून त्या मुठी मिटणाऱ्या प्रवाळाकडे बघत होती आणि त्याच्या तालावर चेंडू दाबत होती. ते मिटले की दाबायचा, उघडले की सोडायचा. "ह्यांची बी किडनी गेली असंल," ती म्हणाली. शीर छान फुगली. तिच्यावर तळहात ठेवला की आत घरघर लागायची, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना लागते तशी. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या मनगटावर हात ठेवायचो. घरघर लागली की माझा दिवस सुरू व्हायचा.

पाण्याचं सांगतो. तिला लघवी होणं जवळजवळ बंद झालं होतं, त्यामुळं प्यालेलं पाणी अंगातच साठायचं. ते फुप्फुसात चढलं की माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. रोज सकाळी एक बाटली भरून ठेवायची, दिवसाचं सगळं त्यात: चहा, गोळ्या, वरणाचं पातळपण, सगळं. त्यावर थेंब नाही. मिठानं तहान वाढते म्हणून जेवण अळणी. घरात मिठाचं पोतं उभं आणि तिच्या भाजीत मीठ नाही. चाचा सीताफळांच्या दिवसांत मोठ्या डोळ्यांची, पिकायला आलेली फळं घेऊन यायचे आणि मला ती दारातूनच परत करावी लागायची, कारण फळातला कसलासा क्षार तिचं हृदय बंद पाडू शकत होता. चाचा दर वेळी विचारायचे, "अजून न्हाई चालत?" मी म्हणायचो, नाही.

मी फ्रिजवाला, म्हणून तिच्यासाठी हरभऱ्याएवढे बर्फाचे खडे करायचो. एक खडा तोंडात ठेवला की तेवढ्यापुरतं भागायचं. पण खाटेशेजारी टाकीच्या पाण्याचा निळा कॅन होता. स्टुलावर ठेवलेला, शुद्ध पाण्यानं काठोकाठ भरलेला, कूलरचा फ्लोट लावून टाकीला जोडलेला. टाकीची पातळी उतरली की त्यातून आपोआप पाणी पडायचं, आणि ती झोपलेली असो की जागी, तो पडण्याचा बारीक आवाज तिच्या कानाशी व्हायचा.

"तिला दीड बादली अन् मला एक बाटली," एकदा ती म्हणाली. "न्याव हाय का ह्यो?"

मी तिला समजावलं की टाकीचं पाणी हवेत उडून जातं, तिचं जात नाही, हिशोब सरळ आहे. मी हे फार बरोबर समजावलं. तिनं मान फिरवून भिंतीकडे केली.

मे महिन्यात दर खेपेला तिचं वजन जास्त भरायला लागलं. तिथं डायलिसिसच्या आधी वजन करतात. दोन खेपांमध्ये वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात पाणी कोण देतं? मीच, मी म्हणालो, आणि माझ्या हातून थेंबही जास्त जात नव्हता. मग एका दुपारी दुकानातून जेवायला आलो आणि कॅनकडे नजर गेली. टाकी किती पिते ते मला पक्कं ठाऊक होतं. कॅन त्याहून बराच खाली गेला होता. खाटेच्या गादीखाली स्टीलचा पेला सापडला, आतून ओला.

मी ओरडलो. माझा आवाज मोठा आहे. गिऱ्हाइकं दोन दुकानं सोडून ओळखतात. मरायचं आहे का, विचारलं. एवढी धडपड मी कुणासाठी करतो, विचारलं. ती म्हणाली, "कावून वरडता? तिच्यातलंच घोटभर घेतलं. तिला कमी न्हाई पडलं." आणि थोड्या वेळानं, "लई तहान लागती ओ. जीभ टाळूला चिकटून बसती. तुमाला न्हाई कळायचं."

मला खरंच कळत नव्हतं. त्या दिवशी मी कॅन परसात नेला आणि टाकीला पाणी हातानं घालायला लागलो, तिला दिसणार नाही अशा वेळी, म्हणजे ती झोपली की. पुन्हा वजन ताळ्यावर आलं. नर्सबाईंनी मला शाबासकी दिली. मी वागलो ते बरोबरच वागलो असं मला आजही वाटतं, आणि त्या बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग नाही.

त्यानंतर तिनं चोरून पाणी प्यायलं नाही. मागितलंही नाही. टाकीला सवत म्हणणं तिनं कधी बंद केलं ते मला आठवत नाही. ती पडून टाकीकडे बघत राहायची. टाकी त्या वर्षी अशी बहरली की मी कधी पाहिली नव्हती. हिरवळ काचेवर चढली, बटणांनी मोकळा दगड ठेवला नाही. मला त्यांचा राग यायला लागला. मी त्यांना गार, मोजकं, स्वच्छ देत होतो आणि ते वाढत होते. तिलाही मी तसंच सगळं देत होतो. ती वाळत चालली होती. यात माझं काय चुकत होतं ते मी किती वेळा आकडे जुळवून बघितलं. काहीच चुकत नव्हतं.

पाऊस सरता सरता एका सकाळी मनगटावर हात ठेवला आणि घरघर लागली नाही. मी हात हलवून पाहिला, थोडा वर, थोडा खाली. शीर होती तिथंच होती, दोरीसारखी, पण बंद. "गेली का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, बघू. बंद पडलेला कॉम्प्रेसर मी हजार वेळा पाहिलाय, मला बघायची गरज नव्हती.

मग मानेत नळी घातली. नळीवाटे ताप आला, तो उतरला, परत आला. यंत्राला जोडलं की दहा-पंधरा मिनिटांत बीपी तळाला जायचं आणि यंत्र काढावं लागायचं. शेवटी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. चांगला माणूस होता, माझ्याहून लहान. हृदयाला आता हे झेपणार नाही, म्हणाला. घरी न्या. मी विचारलं, पाण्याचं काय करायचं? तो टेबलाकडे बघत म्हणाला, "आता पाहिजे तेवढं द्या. खायला बी काय मागतील ते द्या."

इतके दिवस मी या वाक्याची वाट बघितली होती. मला वाटायचं, बरी झाली की कुणीतरी हे म्हणेल.

घरी आणलं, टाकीशेजारच्या खाटेवर निजवलं. दिवस सीताफळांचे होते. चाचा तिला बघायला आले तेव्हा हातात दोन फळं होती, सवयीनं आणलेली. दारात थांबून त्यांनी नेहमीचं विचारलं, "अजून न्हाई चालत?"

"आता चालतंय," मी म्हणालो. "सगळं चालतंय."

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी फळं माझ्या हातात दिली, आत न येता उंबऱ्यावरच खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरला.

मी परसातल्या कॅनमधून तांब्या भरला. त्यात बर्फाचे खडे टाकले, या वेळी मोठे. तिला उशीला टेकवून बसवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला, आख्खा, न मोजता. तिनं तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज कसं काय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणालो. "पाहिजे तेवढं पी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर टाकीकडे वळवली. तिथं ते पंजे मिटत होते, उघडत होते.

"असं व्हय," ती म्हणाली.

तिनं तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेतला, थांबली. दुसरा घेतला, तो ओठांतून थोडा बाहेर आला. मी तिच्याच पदरानं पुसला. मी म्हणालो, अजून घे. सावकाश घे, घाई नाही. तिनं मान हलवली.

"न्हाई जात ओ."

"थोडं तरी."

"न्हाई जात." तिनं तांब्या माझ्याकडे सरकवला. दोन घोट सोडले तर तो भरलेलाच होता. मी तो हातात धरून तसाच बसलो. ठेवायचा कुठं ते कळेना. तिनं डोळे मिटले, आणि मला वाटलं झोपली.

"राह्यलेलं सवतीला घाला," ती म्हणाली. "तिला लागतंय."

मी उठलो आणि तांब्या टाकीत रिकामा केला. बर्फाचे खडे वर तरंगले आणि विरले. दिवसभरात आटलेलं भरून काढायला अजून बादलीभर पाणी लागणार होतं.

"पुरलं का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"पुरलं," मी म्हणालो.