ज्याची त्याची मूठ

माणूस दाणे कसे भाजतो यावरून त्याची लायकी ठरवणारा गृहस्थ अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि बहिणीला आम्ही दोघंही अक्का म्हणतो. दाजींनी पंचवीस वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काढली. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून "अजून पाच मिनिटं" असं सांगणारा माणूस. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं त्यांना शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण भट्टी काही घरी आणता आली नाही. पुढचे तीन महिने ते घरातल्या गिझरकडे, इस्त्रीकडे आणि मिक्सरकडे संशयानं बघत हिंडत होते. अक्का म्हणायची, "यांना एखादी शेगडी तरी द्या रे कुणीतरी, न्हाईतर मलाच वितळवतील."

शेगडी दिली ती डॉक्टरांनी. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात साखरेपासून चरबीपर्यंत सगळ्यांनी आपापली हजेरी लावली होती. डॉक्टर म्हणाले, फरसाण बंद, भडंग बंद, मिसळीवरचा कट तर स्वप्नातसुद्धा नाही. चार वाजता भूक लागली तर घरी भाजलेले दाणे खा, बिनतेलाचे, मूठभर. मी सोबत गेलो होतो म्हणून सांगतो, दुसरा कोणी असता तर मान हलवून उठला असता. दाजींनी खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "मूठ कुणाची, डॉक्टर? तुमची का माझी?" डॉक्टर अंगानं किरकोळ, आणि दाजींचा पंजा म्हणजे फावडं. डॉक्टरांनी आपला हात बघितला, दाजींचा बघितला आणि हसून म्हणाले, "ज्याची त्याची मूठ." बिचाऱ्याला काय माहीत, आपण एका धर्माची स्थापना करून बसलोय.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता अक्काचं स्वयंपाकघर ताब्यात गेलं. तिची लोखंडी कढई गेली, उलथनं गेलं, सूप गेलं. दाणे कोडोलीच्या चुलतभावाच्या रानातले. ते आधी मिठाच्या पाण्यात घोळवायचे, फडक्यावर सुकवायचे आणि मग मंद जाळावर चढवायचे. कढईत दाणे पडले की दाजी घरातला टीव्ही बंद करायला लावत. दाणा तडकायला लागला की त्याचा आवाज ऐकायचा असतो म्हणे. पहिल्या तडतडीला जाळ आणखी कमी, दुसरीला उलथनं सारखं फिरतं, आणि वास सुटायच्या जरा आधीच कढई खाली. "वास आला म्हंजे उशीर झाला, पावणं. कढई गरम असतीय की, ती आत भाजतच ऱ्हातीय." मग दाणे कागदावर पसरायचे आणि वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. एकदा मी न राहवून एक दाणा उचलला, तर हातावर उलथन्याचा फटका बसला. "ओतलेला साचा गरम फोडतं का कोण? सादळतील की सगळं!" सुपात पाखडून उडणाऱ्या सालींना ते स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, म्हणत. बदाम भाजायचे असले तर त्या दिवशी ते सकाळपासूनच कमी बोलत, कारण बदाम म्हणजे बिडाचं काम नाही, पितळेचं काम आहे, जरा जाळ चढला की गेलं. आणि सगळं झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं शेरा पडे: "बरा." "कच्चट." "उत्तम." त्याच चौकोनांत अक्का दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची खूण करायची, त्यामुळे एका तारखेला "दूध नाही, उत्तम" असंही वाचल्याचं मला आठवतं.

पण खरी गंमत डबा टेबलावर आल्यावर व्हायची. वाटी नाही, चमचा नाही. ज्यानं त्यानं डब्यात हात घालायचा आणि आपल्या मुठीनं घ्यायचं. कोणी कोणाला द्यायचं नाही आणि कोणी कोणाकडून घ्यायचं नाही. वर परीक्षा होतीच. मूठ मिटून डब्यावर पालथी करायची, जे दाणे पडतील ते डब्याचे, आत राहतील ते तुमचे. "बोटं मिटली पायजेत. न्हाईतर ती मूठ न्हवं, ओंजळ झाली." एकदा राधानगरीहून त्यांचे व्याही आले. मुलीचे सासरे, डोक्याला फेटा, घरात मान मोठा. लेकीकडची माणसं पुढं आली की लोक आवाजसुद्धा खाली आणतात. दाजींनी त्यांनाही मूठ पालथी करायला लावली. व्याही तिथल्या तिथं लालबुंद झाले. अक्का आतून कपाळाला हात लावून बघत होती. मग व्याह्यांनी चार दाणे खाल्ले, थांबले, आणखी खाल्ले, आणि जाताना विचारलं, "हे भाजायचं कसं वो?" तेव्हा कुठं अक्काचा हात कपाळावरून खाली आला.

कोणाच्या मुठीत किती बसतात ते दाजींना पाठ होतं. माझे चौतीस. बायकोचे एकोणतीस. अक्काचा हात लहान, पण तिच्या मुठीत सव्वीस मावायचे, कारण भाकरी थापून थापून तिचा पंजा घट्ट झाला होता. तिची भाकरी परातीत थापली जायची तेव्हा तो आवाज शेजारच्या गल्लीत कळायचा. डब्यावर तिची मूठ पालथी झाली की एक दाणा खाली पडायचा नाही. दाजी मान डोलवून म्हणायचे, "हिला म्हणायचं मूठ!" बाकी जन्मात त्यांनी बायकोचं कशाबद्दल कौतुक केल्याचं मी ऐकलेलं नाही.

मागच्या वर्षी त्याच अक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं जरा जड झालं पण परत आलं, पायानं ती घरातल्या घरात चालायलाही लागली. हात मात्र तसाच राहिला. बोटं अर्धवट वाकलेली, धड उघडत नाहीत की धड मिटत नाहीत. आम्ही रविवारी भेटायला गेलो, तर चार वाजता दाजींनी नेहमीसारखा डबा आणून अक्कासमोर ठेवला. उजव्या हातासमोर. मला आधी कळलंच नाही काय चाललंय. अक्कानं हात उचलला, डब्यात घातला, बाहेर काढला, तर दाणे टेबलभर. दाजींनी एकेक दाणा वेचून डब्यात टाकला आणि म्हणाले, "परत." परत तेच. "परत." तिसऱ्यांदा अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच द्या की हातात." हा माणूस म्हणतो, "न्हाय."

माझ्या बायकोचा पारा चढला. तिनं सरळ मूठभर दाणे काढले आणि बहिणीच्या तोंडाशी नेले. दाजींनी तिचा हात धरला. "तिला कुणी भरवायचं न्हाई." बायको उठून उभी राहिली. "दाजी, माणूस हाय का भट्टी ओ तुम्ही? आजारी बाईला दोन दाणं द्यायला जीव जातोय व्हय तुमचा?" दाजी खाली वाकून टेबलाखाली गेलेले दाणे वेचत राहिले. आम्ही चहा न घेता निघालो. स्कूटरवर बायको घरापर्यंत रडत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी साडूचा भयंकर राग आला होता. इतकी वर्षं ज्याला आपण विनोद समजून हसलो तो निव्वळ दगडपणा होता की काय, असं वाटायला लागलं. पुढं तीन आठवडे बायको तिकडं फिरकली नाही. नुसता फोन, तोही अक्काला.

शेवटी तिनंच मला पाठवलं. "जाऊन बघून या, जेवायला तरी घालतोय का." मी गेलो तेव्हा अक्का झोपली होती. दाजी स्वयंपाकघरात कढईजवळ स्टुलावर बसले होते. पुढं तीन डबे. एकात भाजलेल्या अख्ख्या शेंगा, दुसऱ्यात बदाम, तिसऱ्यात दाणे. मी विचारलं, हे काय नवीन? दाजी जाळ कमी करून बोलायला लागले.

"ती व्यायामाची बाई येतीय न्हवं, तिनं मऊ चेंडू दिलता. रोज शंभरदा दाबा म्हणाली. हिनं दोन दिवस दाबला आणि दिला फेकून. म्हणाली, मी काय पोर हाय चेंडू खेळायला? मग माझ्या ध्यानात आलं, चेंडूची भूक न्हाई हिला. दाण्याची हाय. म्हणून आधी शेंगा. शेंग लांब असतीय, बोटात अडकतीय. ती जमली की बदाम. बदाम जमला की दाणा. कालपासनं बदाम धरतीय." त्यांनी कढईत उलथनं एकदा फिरवलं. "तुमची मंडळी बरोबर बोलली, पावणं. मलाबी बघवत न्हाई ते. पण मी एकदा जरी भरवलं न्हवं, तर तो हात म्हणंल, चला, आपलं काम झालं. मग कशाला उठतोय तो?"

मी शेजारी कागदावर पसरलेल्या दाण्यांत हात घातला आणि म्हणालो, तुम्ही घ्या की. त्यांनी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या रविवारीही त्यांनी एक दाणा तोंडात टाकला नव्हता. मी विचारलं, सोडलेत का? डॉक्टरांनी सांगितलं? "डॉक्टर कशाला सांगतोय. ती पडल्यापासनं खाल्लं न्हाईत. नवसबिवस न्हाई हां, उगं तिला सांगू नका. एकट्यानं घशाखाली उतरत न्हाईत, एवढंच." आणि मग ते एकदम माझ्यावर ओरडले, "हात काढा आधी! वीस मिनिटं झाली न्हाईत अजून!"

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत बराच वेळ पोळपाट पुसत राहिली, मग म्हणाली, "हे त्यांना त्या दिवशी सांगता येत नव्हतं होय?" आता भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाला चारचौघांत असलं काही बोलता आलं असतं, तर तो दाजी कशाला झाला असता! पुढच्या रविवारी ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्याला मात्र लिंबाचं लोणचं घेऊन माझ्याआधी स्कूटरवर बसली.

त्या दिवशी टेबलावर दाण्यांचा डबा होता. बदामांचा काळ संपला होता. आत गॅसवर दुसरी कढई चढलेली. अक्कानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि उजवा हात डब्यात घातला. फार वेळ लागला. दाजी खुर्चीच्या टोकावर. हात बाहेर आला. अंगठा बाहेरच राहिला होता, पण चार बोटं मिटलेली होती. बायको पटकन म्हणाली, "झालं अक्का, झालं, खा आता." अक्कानं ऐकलं नाही. तिनं मूठ डब्यावर नेली आणि आपली आपण पालथी केली. दाणे पडायला लागले. तीन, चार, मग भराभर. मग थांबले.

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. ज्या घरात वास सुटायच्या आधी कढई उतरते त्या घरात! पहिल्यांदा कळलं ते अक्कालाच. "अहो," ती जड जिभेनं म्हणाली, "करपतंय."

"करपू दे," दाजी म्हणाले.

माझी बायको धावत आत गेली. अक्कानं ती मूठ दाजींच्या फावड्यासारख्या पंजावर आणली आणि डाव्या हातानं एकेक बोट उघडलं. सात दाणे होते. मी खरं तर नियमाची आठवण करून देणार होतो, कोणी कोणाकडून घ्यायचं नाही म्हणून. जिभेवर आलेलं गिळलं. दाजींनी ते सात दाणे तोंडात टाकले, चावले आणि रडले. घरभर धूर झाला होता, धुरामुळं म्हणायला चांगली सोय होती, पण त्यांनी ती घेतली नाही. चांगले हुंदके देऊन रडले. अक्का त्यांच्या ओल्या गालांकडं बघत म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

निघताना मी कॅलेंडरकडं बघितलं. त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "करपले. हरकत नाही."

याला आता बरेच महिने झाले. अक्काचा हात सुधारला तो दहा-बारा दाण्यांपर्यंत, आणि तिथं थांबला. यापुढं फारसं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. भाकरी आता दाजी थापतात. ती बहुधा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला भोकाची असते, आणि थापताना आवाज येत नाही. चार वाजता डबा येतो, अक्का घेते, मूठ पालथी करते, आत उरलेल्यातले अर्धे दाजींच्या हातावर ठेवते. आम्हाला मात्र अजून जुनाच नियम आहे.

कॅलेंडरचं ते पान अजून तसंच आहे. त्यापायी घरातल्या दोन संकष्ट्या चुकल्या, सिलिंडर कधी लावला ते कळेना म्हणून एकदा भाजी अर्धवट राहिली, आणि अक्का रोज ओरडते. मागच्या रविवारी मीही म्हणालो, दाजी, पान उलटा की आता. ते कढईवरून मान वर न करता म्हणाले, "उलटतो की. घाई काय हाय?"