गडद रंगाची तुळई

मोठमोठे गुन्हे विसरलो, पण रायपूरच्या तात्यापारा वस्तीतली ती तुळई अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. ठाण्यात माणसं अपुरी, रोज नवा बंदोबस्त. अशात एका दुपारी खबर आली. उघड्या ओसरीवर झोपाळ्याची तुळई मोडून डोक्यात पडली आणि घरची बाई जागीच गेली. पंचनामा करताना मी मोडलेल्या जागी चाकू टोचला. वरून गडद पॉलिश, आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं. तुळई बसवून दोनच पावसाळे झाले होते. बाईचा नवरा सरकारी कचेरीत बाबू. फिर्याद देताना तो एकच सांगत होता, "मिस्त्रीनं जुनं जंगली सागवान म्हणून दिलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी लाकूड कापायच्या आरा मिलमधला आमचा खबऱ्या म्हणाला, "वो मिस्त्री प्लांटेशन का कच्चा सागौन रंग के लगाता है, साहब."

मिस्त्री भंडाऱ्याकडचा, साठीचा. दोन तास "मले नाई मालूम" हेच चालू. शेवटी मी मोडका तुकडा टेबलावर आपटला. "अरे, बाई मेली! बोल!" तसा तो ढसाढसा रडला.

"पहिले बाबूजीले लागवडीच्या सागाचा गाभाच दाखवला होता, साहेब. रंगानं फिका, पन पक्का, पावसात टिकला असता. त्यायनं तीनदा परत पाठवला. म्हने, हे काय सागवान हाये? मले गडद पाहिजे. मंग मले राग आला. म्हटलं, रंगच पाहून राहिले, त आतलं कोन पाहते! सालीजवळचं पांढरं लाकूड घेतलं अन् रंगवलं. ते लवकर सडते, हे मले मालूम होतं."

मी जबाब लिहायला घेतला, तर त्यानं माझा हातच धरला. आरोपीची ही हिंमत!

"गाभा परत पाठवल्याचं लिहू नका, साहेब. बाबूजीले समजलं, त तो मानूस जगनार नाई."

"बावळटा, त्यानं तुझीच शिक्षा कमी होईल!"

"नाई पाहिजे. त्यायले लहान पोरगी हाये."

मी नाही लिहिलं. कायद्यानं ती माझी कसूर. खरं कोणाला कळावं हे ठरवणं खाकीचं काम नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो, पण ते चूक करून. कोर्टातही मिस्त्री गप्पच राहिला. शिक्षा झाली.

निकालानंतर बाबू पोरीला घेऊन आला आणि माझ्या पायांशी वाकला. "तुमच्यामुळे न्याय झाला, साहेब. नाहीतर हा हरामखोर सुटला असता."

मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर, हातकडीत उभा होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.